भुकेल्याचं पान

वाडी, ४ ऑगस्ट २०२४

गोरख,

आशीर्वाद लिहावा का न्हाई, यातच अर्धा तास गेला. लिहिला तर म्हणशील, आक्काला आता पुळका आलाय. न लिहिला तर म्हणशील, अजून ताठ्यातच हाय. तवा तुझ्या सोयीनं तूच एखादा धरून चाल.

फोन का न्हाई केला, ते सांगते. अकरा वर्षांमागं तू म्हणला व्हतास, "परत तुझा आवाज कानी पडता कामा नये." शिवाय हितं रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं आन् हल्ली मला चढवत न्हाई. म्हंजी पावसानं शेवाळ झालंय, म्हणून. आन् फोन मधीच कापता येतो. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

आई बरी हाय. कानानं गेली, पण तांदळातला खडा अजून तीच टिपती. मी ठणठणीत. चोळ्या तेवढ्या ढिल्या झाल्यात, हल्लीचं कापडच ताणतं. दोनदा आत घेऊन शिवल्या.

लिहायचं कारण एक पोरगी. वृषाली नाव. पुण्याच्या कसल्याशा संस्थेची. शेजारच्या भागूच्या जीपनं घोडेगावातनं वर आली, पायात बूट, हातात पाटीएवढा टॅब. म्हणली, "काकू, तुमच्याकडे कोणत्या रानभाज्या खातात, आणि पोटाच्या कॅन्सरशी त्याचा काही संबंध लागतो का, हे आम्ही बघतोय." मी म्हणलं, घ्या! माझ्या भावानंच धाडलंय जणू हिला.

मग मी तिला आडपडदा न ठेवता विचारलं. बाई, पाला मारतो का तारतो? ती हसली. म्हणली, पाल्यात कडूपणाची, रंगाची, वासाची शेकडो द्रव्यं असतात. काही पोटाच्या अस्तराला राखत असतील, काही खरवडत असतील. नीट कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर दारोदार फिरतेय. मी म्हणलं, म्हंजी माणसासारखंच की.

पर गोरख, तुला मात्र ठाऊक व्हतं. बाच्या तेराव्याला सगळ्या पावण्यांच्या म्होरं तू म्हणलास, "आक्काच्या पाल्यानं बाला खाल्ला. मला कळवलं असतं तर वाचला असता." आन् माझ्या काढ्याचं पातेलं अंगणात भिरकावलंस. सगळी वाडी बघत व्हती. मी पातेलं उचलून घासायला घेतलं.

तवा तुला एवढंच कळवायचं व्हतं, की शिकल्यासवरल्या माणसांनाही अजून ठाऊक न्हाई. उत्तर देऊ नको. मोहिनीला विचारलं म्हणून सांग. तुमच्या लेकीला, आरतीला, आता दहावं वरीस लागलं असंल. मी तिला बघितलेली न्हाई.

आक्का

वाडी, २५ ऑगस्ट २०२४

गोरख,

उत्तर देऊ नको म्हणलं, तर खरंच दिलं न्हाईस. कवापासनं एवढा आज्ञाधारक झालास?

एक गोष्ट मागच्या पत्रात गाळली. त्या वृषालीला मी एक चुकीचं सांगून बसले. आता ते निस्तरायचं कसं ते सुचंना.

टॅबवर तिनं पैलंच विचारलं, "या चुलीवर किती माणसं जेवतात?" मी म्हणलं, तीन. मी, आई आन् बा.

आपल्या घरची रीत तुला म्हाईत हाय, पर मोहिनीनं बघितली न्हाई. हे पत्र तिच्या हातात पडलं तर तिला कळावं म्हणून लिहिते. आपल्यात जो माणूस उपाशीपोटी जातो, म्हंजी पोटात अन्न ठरत नव्हतं आन् तसाच गेला, त्याचं रोज दुपारी पान वाढायचं. चुलीच्या डाव्या अंगाला पाट, म्होरं पितळी, बाजूला तांब्या. "जेवा" म्हणायचं आन् पाठ फिरवून भाईर पडायचं. त्याचं पोट भरंस्तवर असं करायचं. आजीच्या सासूला सात वर्षं लागली म्हणत्यात. बाला बारावं चालू हाय. भूकच तेवढी घेऊन गेला बिचारा.

रेशनकार्डावरनं बाचं नाव तू कमी करून आणलंस. चुलीवरनं कोण कमी करणार? पीठ मी तिघांचंच मळते. तिनं "जेवतात किती" विचारलं, मी "तीन" म्हणलं. "जिवंत किती" असं तिनं विचारलंच न्हाई. भिमाजी, वय एकाहत्तर, असं तिनं लिहूनसुदिक घेतलं. मला वाटलं, जाऊ दे, कागदावर का व्हईना, जगू दे.

मग एकेक पाल्याचा फोटो दाखवत गेली. कुर्डू कोण खातं, भारंगी कोण खातं, झाडावरचा रुखाळू किती वेळा. बाचं मी खरं तेच सांगितलं. नाचणीच्या दोन भाकरी, भारंगी रोज असली तरी चालती, चिचुर्डी कडू म्हणून आमी टाकतो ती तो आवडीनं खातो. खोटं न्हाई गोरख. पितळी रोज रिकामी येती. पैल्या साली मला वाटायचं मांजर खाती. मांजर मरून पाच वर्षं झाली.

मग पोरगी दुखण्यावर आली. आईला काही त्रास? न्हाई. तुम्हाला? न्हाई. भिमाजी बाबांना? आन् माझ्या तोंडातनं भडाभडा निघालं. दोन घासांत पोट फुगतं, छातीखाली कळ येती, पहाटं मळमळतं, शौचाला डांबरासारखं काळं व्हतं, अंग उतरलंय. ती भराभरा टिपत व्हती. मान वर करून म्हणली, "कधीपासून?"

मी म्हणलं, "शिमग्यापासनं."

अकरा वर्षांमागं मेलेला माणूस, आन् म्हणे शिमग्यापासनं! बाचं दुखणं मला पाठ हाय ना, सवयीनं बोलून गेले. तू काही भलतं धरू नको.

आक्का

वाडी, ६ ऑक्टोबर २०२४

गोरख,

पितरं सरली. तू येशील असं आईला वाटत व्हतं. मी म्हणलं, तो कालेजातल्या वर्कशॉपात साहेब झालाय, त्याला सुट्टी नसती.

हसू नको, पर मला हल्ली घरात भ्या वाटतं. भर दुपारचं. श्रावणात एक दिवस ठरवलं, आज भाईर जायचंच न्हाई, पितळी कोण रिकामी करतं ते बघायचं. पान वाढलं, "जेवा" म्हणलं, दार लोटल्याचा आवाज केला आन् माळ्याच्या शिडीमागं बसून ऱ्हायले. आई भागूच्या घरी गेली व्हती. पाऊस थांबलेला, धुकं दारातनं आत आलेलं. घरात कसलाच आवाज नव्हता.

कोण आलं न्हाई. पितळी हलली न्हाई. पर माझ्या तोंडात भारंगीचं कडू आलं. मग नरड्याखाली घास उतरला. चांगला दांडगा घास, न चावता गिळल्यागत. परत एक. परत एक. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं तरी उतरतच व्हते. शेवटी पोट तट्ट झालं, श्वास घ्यायला जागा ऱ्हायली न्हाई. सकाळधरनं मी च्याशिवाय काही घेतलं नव्हतं, देवाशप्पथ.

उठून बघते तर पितळी चाटूनपुसून साफ. मी माझी बोटं हुंगली. कोरडी व्हती. आईला खुणांनी सांगितलं तर म्हणती, "त्याला एकट्याला जेवायची सवय न्हाई. कुणाच्या तरी बरुबर जेवणारच." आन् गेली तांदूळ निवडायला. त्या दिसापासनं माझं असं झालंय, की पानावर बसले, दोन घास घेतले, का पुढं जागाच नसती. जणू माझ्या आधी कोणतरी जेवून उठलंय. हे मी कुणाला सांगितलं न्हाई. तुला सांगते, कारण तू तसंबी बोलत न्हाईस.

आता त्या पोरीचं. गुरुवारी सकाळीच आली. पोटात एक जंतू असतो म्हणं, बरीच वर्षं मुक्काम करून पोट पोखरतो, तो हाय का न्हाई ते माणसाच्या श्वासावरनं कळतं. उपाशीपोटी एक गोळी पाण्यात विरघळून प्यायची आन् अर्ध्या तासानं एका चांदीगत पिशवीत फुंकायचं. तीन गोळ्या, तीन पिशव्या. प्रत्येकीवर नाव चिकटवलेलं. रत्ना. कुशाबाई. भिमाजी.

"बाबा कुठंयत?" मी म्हणलं, परक्या बाईम्होरं लाजत्यात. ती पोरगी भली, तिला अजून नऊ घरं करायची व्हती. म्हणली, "तासाभरानं पिशव्या न्यायला येते, तेवढं नीट करून घ्या."

आईनं तिची पिशवी फुंकली आन् अंगणात उन्हाला जाऊन बसली. माझी मी फुंकली. बाची गोळी, तांब्या आन् पिशवी डाव्या अंगाच्या पाटावर ठेवली. आता ठेवायची तरी कुठं? नळाला पाणी आलं व्हतं, मी हंडा घेऊन गेले. परत आले तर पाटावर गोळी न्हाई. तांब्या अर्धा. आन् पिशवी फुगून टम्म. हात लावला. कोमट व्हती.

पोरगी आली, तिन्ही घेऊन गेली.

आक्का

वाडी, १७ नोव्हेंबर २०२४

गोरख,

भात झोडून झालं. औंदा भागूच्या घरच्यांनी झोडलं, मी नुसती बसून ऱ्हायले. कंबर धरली व्हती.

काल वृषाली आली. या बारीला टॅब पिशवीतनं काढलाच न्हाई. ओट्यावर बसली आन् म्हणली, "काकू, बाबांना लगेच पुण्याला न्यावं लागेल. त्यांच्या श्वासात जंतू सापडलाय. आणि तुम्ही जे सांगितलंत, काळं शौचाला होणं, वजन उतरणं, ते चांगलं लक्षण नाही. दुर्बीण घालून बघायला हवं. मी मोठ्या डॉक्टरांशी बोलून तारीख घेतलीय." मग थोडं हसून म्हणली, "तुमचा मात्र नमुना अगदी स्वच्छ आहे. आजींचाही."

मी तिला दोनदा विचारलं, नक्की माझ्याच नावाचा का? का, ते नंतर सांगते.

ती म्हणली, बाबांना बोलवा. मी तिला आत नेलं आन् भिंतीवरचा फोटो दाखवला. हार घातलेला, खाली तारीख. बराच वेळ ती तारीख वाचत ऱ्हायली. मग खालच्या पाटाकडं बघितलं. पान वाढलेलं व्हतं. शिकलेली पोरगी, पर तिनं पाय मागं घेतला.

"मग त्या पिशवीत कोण फुंकलं?"

मी म्हणलं, मला म्हाईत न्हाई.

आई दाराशी येऊन उभी व्हती. तिला ऐकू जात न्हाई, पर पिशवीचं बोलणं चाललंय हे कळलं असावं. आपण व्हऊनच म्हणली, "रत्ना पाण्याला गेली व्हती तवा आत खाकरल्याचा आवाज झाला. मी अंगणातनं विचारलं, जेवलात का? तर आतनं म्हणले, 'आता बास.'"

गोरख, आईच्या कानाशी पत्र्याचा डबा वाजवला तरी तिला कळत न्हाई.

आन् खरं सांगू? त्या गुरुवारपासनं पितळी तशीच परत येती. भाकरी वाळून जाती, भाजीला मुंग्या लागत्यात. त्याचं पोट भरलं. आईनं चार दिवस बघितलं आन् म्हणली, सुटला. काल पोरगी यायची म्हणून मी पान वाढून ठेवलं व्हतं, एवढंच.

आनंद व्हायला पायजे का न्हाई? मला झाला न्हाई. कारण आई आता त्या डाव्या अंगाच्या पाटावर मला बसवती. सवयीनं असंल. पाट मांडती, पितळी ठेवती, "जेव" म्हणती आन् पाठ फिरवून भाईर जाती. मी तिथं बसून दोन घास खाते.

आक्का

वाडी, १ डिसेंबर २०२४

गोरख,

हे पत्र नीट वाच. मोहिनी वाचत असली तर तिनं त्याला वाचून दाखवावं, मग तो घर डोक्यावर घेऊ दे का काय करायचं ते करू दे.

मी पिशवीचं खोटं लिहिलं. पाटावर मी बाची पिशवी ठेवली नव्हती. बाच्या नावाची पिशवी मी फुंकली. शिमग्यापासनं जे काळं व्हतंय, ते मला व्हतंय. कळ मला येती. चोळ्या कापडानं ढिल्या झाल्या न्हाईत. तो जंतू माझ्या श्वासातला हाय.

का केलं? तुझ्यामुळं केलं. माझ्या नावावर ते दुखणं लागलं असतं, तर सगळी वाडी म्हणली असती, बापाला पाला चारला आन् आता सोताबी त्यानंच गेली. तू तर म्हणलाच असतास. ते ऐकायच्या आधी मेलेलं बरं, असं वाटलं मला. मेलेल्याला कोण नावं ठेवतंय, म्हणून सगळं बाच्या नावावर लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या घराला चांगलं जमतं.

माझ्या नावाची पिशवी मी फुंकली न्हाई. तीच त्या पाटावर ठेवली व्हती. रिकामीच देणार व्हते, म्हणणार व्हते, दम पुरला न्हाई. पाण्यावरनं आले तर ती फुगलेली. आन् तिच्यात श्वास निघाला स्वच्छ, एक जंतू न्हाई. तो कुणाचा, मला विचारू नको. मी वृषालीला खरं सांगितलं तवा ती दोनदा म्हणली, "आजींनी फुंकली असेल." मी म्हणलं, असंल बाई. आई त्या दिवशी अंगणातनं उठली नव्हती.

आता दुसरं. हे मी माझ्याबरुबर न्यायचं ठरवलं व्हतं. पर न्यायची वेळच आली म्हणल्यावर जीव घाबरला, म्हणून सांगते.

बाला काळं व्हायला लागलं ते पौषात. तुझं लगीन ठरलं माघात, तारीख निघाली वैशाखाची. मोहिनीच्या वडलांनी बैठकीत विचारलं व्हतं, घरात कुणाला मोठं दुखणं न्हाई ना? बा मिशीवर हात फिरवून म्हणला, "वाघ हाय मी." त्याच दिवशी मागल्या दारी बांध धरून बसला आन् मला आईची शपथ घातली. लगीन व्हईस्तवर गोरखला कळता कामा नये. सोयरीक मोडंल, पोरगं उघड्यावर पडंल. डाक्टरचं नाव काढलंस तर माझं मेलेलं तोंड बगशील.

मी काय करायला पायजे व्हतं, तूच सांग. दवाखान्यात न्यायची बंदी. डोळ्यांदेखत बाप वाळत चाललेला. हातात एक रानातला पाला तेवढा व्हता, तो उकळून दिला. गुण येईल म्हणून न्हाई. काहीतरी करते हाय, एवढं मला वाटावं म्हणून. तुझ्या लग्नात त्यानं चारचौघांत बुंदीचा लाडू खाल्ला, आठवतंय? सगळे हसले, म्हातारा खूश हाय म्हणून. मांडवामागं सगळं ओकला. रगत व्हतं त्यात. मी पायानं माती लोटली आन् हसत परत अक्षदा वाटायला आले.

मोहिनी, पोरी, तुझा यात काही दोष न्हाई. तुझ्या वडलांचाबी न्हाई. विचारणारच की माणूस.

तेराव्याला तू पातेलं फेकलंस तवा हे माझ्या ओठावर आलं व्हतं. पर तुझ्या अंगाची हळद उतरून दोन म्हैनेबी झाले नव्हते. मी सांगितलं असतं तर तू जन्मभर त्या लग्नाकडं कोणत्या डोळ्यानं बघितलं असतंस? म्हणून गिळलं. अकरा वर्षं गिळलं. आता पोटात जागा न्हाई.

वृषालीला मी परत विचारलं, माझ्या पाल्यानं गेला का माझा बाप? म्हणली, एका माणसाबद्दल असं कुणीच सांगू शकत नाही. पण पाच महिने उशीर झाला, त्यानं नक्की फरक पडला असणार. म्हंजी तू म्हणत व्हतास त्यातलं अर्धं खरं. तुला कळवलं असतं तर कदाचित वाचला असता. ते माझ्या माथी हाय. पाला मात्र न्हाई.

नऊ तारखेला सोमवारी पुण्याला दुर्बीण घालायचीय. सही करायला घरचं माणूस लागतं. घोडेगावच्या स्टँडवर मी धाच्या गाडीनं उतरते. आलास तर बरं व्हईल. मला जगायचंय रे गोरख. आधी वाटत नव्हतं, आता लई वाटतं.

आक्का

पुणे, दवाखाना, १९ डिसेंबर २०२४

गोरख,

स्टँडवर बारा वाजून गेले तरी मी बसूनच व्हते. तू आला न्हाईस. साडेबाराला रिक्षातनं एक बाई उतरली, इकडं तिकडं बघत माझ्याकडं आली आन् माझ्या पायावर डोकं ठेवून हमसून रडायला लागली. मी म्हणलं, अगं बाई, कोण तू? अकरा वर्षांत मी तिचं तोंड विसरले व्हते. तुझी मोहिनी.

माझी समदी पत्रं तिनंच वाचलीत म्हणली. तू पाकिटावरचं अक्षर बघून बाजूला टाकायचास, ती उचलून ठेवायची. शेवटचं तिनं तुला सकाळी च्या पिताना मोठ्यानं वाचून दाखवलं. तू लग्नाच्या मजकुराला उठलास, चपला घातल्या आन् वर्कशॉपात गेलास. तवापासनं तू तिच्याशी धड बोलला न्हाईस. राग मानू नको तिच्यावर. तिनं वाचलं न्हाई तर कोण वाचणार व्हतं?

सही तिनं केली. नात्याच्या रकान्यात तिनं "बहीण" असं लिहिलं. चुकलं व्हतं, पर मी दुरुस्त करू दिलं न्हाई.

दुर्बीण झाली. तुकडा काढून तपासला. तेच हाय, जे बाला व्हतं. उद्या सकाळी पोट उघडणार, निम्म्याहून जास्त काढून टाकणार. वेळेत आले का उशिरा, ते उघडल्यावर कळंल म्हणत्यात. मी भीत न्हाई असं म्हणणार व्हते, पर खोटं लिहायचं आता सोडलंय. लई भीते.

पर हे पत्र त्यासाठी न्हाई. टपालात टाकत न्हाई, भागूच्या जीपनं आज रातीच तुझ्या दारात धाडते.

आज मोठा डाक्टर आला व्हता. माणूस सावकाश बोलणारा. त्यानं विचारलं, घरात आधी कुणाला हा आजार झाला होता? मी म्हणलं, माझ्या बाला. या बारीला लगेच, सरळ सांगितलं. मग तो म्हणला, बाप आणि मुलगी, दोघांना एकच दुखणं. एका घरात, एका भांड्यातलं खाऊन वाढलेल्या माणसांत हा जंतू एकाकडून दुसऱ्याकडं जातो. आणखी कोण आहे त्या घरात वाढलेलं? मी म्हणलं, धाकटा भाऊ. अडतीस वर्षांचा, दांडगा हाय, त्याला काही न्हाई.

मोहिनी माझ्या उशाशी बसली व्हती. तिच्या हातातली वाटी खाली पडली.

डाक्टर गेल्यावर तिनं सांगितलं. श्रावणापासनं तू ताटावरनं दोन घासांत उठतोस. विचारलं तर म्हणतोस, वर्कशॉपात वडापाव खाल्ला. तुझ्या कामाच्या पिशवीत, हातमोज्याच्या खाली, तिला आंबटपित्ताच्या औषधाच्या चार बाटल्या सापडल्या. तीन रिकाम्या व्हत्या. पॅन्टच्या पट्ट्याला तू दोन नवी भोकं पाडून घेतलीस. संडासात पाणी टाकून टाकून येतोस. आरतीनं ते बघितलं तर तिला म्हणलास, आईला सांगू नको, तुझी परीक्षा हाय, घरात उगा चिंता नको.

गोरख, वाडीतल्या त्या घरात मी एवढे म्हैने बसले, बाला भीत बसले, त्या पाटाला भीत बसले. भ्यायचं ते भलतीकडंच ऱ्हायलं.

कुणासाठी झाकतोयस? बानं तुझ्या लग्नासाठी झाकलं. मी तुझ्या बोलण्याला भिऊन झाकलं. तू लेकीच्या परीक्षेचं नाव पुढं केलंयस. समदी कारणं चांगली हायत, एकबी टाकाऊ न्हाई. पर झाकणारा एक खड्ड्यात गेला, दुसरी उद्या टेबलावर निजणार हाय.

मला बघायला येऊ नको. माफीबिफी मागायला तर अजिबात येऊ नको, मला आता रडवत न्हाई, टाके घालायचेत. माझ्यावरचा राग तसाच ठेव, काही बिघडत न्हाई. पर ये. मोहिनीनं जाऊन सांगितलं तवा डाक्टरनं तुझ्या दुर्बिणीला उद्या सकाळी आठची वेळ लिहून दिलीय, तुझ्या नावानं, तुझं खरं नाव घालून. मोहिनी दारात उभी ऱ्हाईल. मी तवा आत असंन, शुद्धीवर नसंन, तुला माझं तोंडबी बघावं लागायचं न्हाई.

मंचरवरनं पाचची गाडी धर. वाटंत च्या घेऊ नको, बिस्कीट खाऊ नको. उपाशीपोटी यायचं असतं.

आक्का